दोन सेकंदांचा हिशोब

“मॅडम, डायॉक्झिन किती येतील तेवढं कॉम्प्युटरवर काढून द्या. फाईलला लावतो.”

दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या एका प्लांटच्या साहेबांचा हा पहिलाच फोन. डायॉक्झिन म्हणजे कचरा जळताना तयार होऊ शकणारी अतिविषारी रसायनं. मी त्यांना तिथल्या तिथे नाही म्हटलं. हा आकडा मी देत नाही, आणि दुसऱ्या कुणी काढून दिला तर त्यावर विसंबू नका, असंही सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “मग तुम्ही नक्की काय देता?”

प्रश्न रास्त होता. फोनवर उत्तर देता येईना, म्हणून पुढच्या सोमवारी प्लांटवर गेले. ते उत्तर पूर्ण व्हायला चार महिने लागले. हाच प्रश्न मला वरचेवर कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. भट्टी, बॉयलर, इन्सिनरेटर यांच्या पोटात काय जळतं, वायू कुठून कुठे जातात, कुठे किती तापतात याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणं हे गेली चौदा वर्षं माझं काम आहे. राहते पुण्यात, माहेर कोल्हापूरकडचं. घरचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्याला वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: थोडं थोडं घाल, पण घालत राहा. एकदम भारा कोंबला की धुराड्यातून काळा लोट निघायचा आणि काहिलीखालची आग मंदावायची. कॉलेजात ज्वलनाचा पेपर लिहिताना हे वाक्य मला कधी आठवलं नाही. त्या प्लांटवर मात्र पहिल्याच तासात आठवलं.

प्लांट शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. सकाळी आठपासून पिवळ्या पिशव्यांच्या गाड्या येतात. पिवळ्या पिशवीत रक्तानं माखलेला कापूस, पट्ट्या, ऑपरेशनमध्ये काढलेले शरीराचे भाग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. हे सगळं तासाला शंभर किलो या वेगानं जाळायचं. इन्सिनरेटरला दोन खोल्या असतात. पहिल्या खोलीत कचरा जळतो, म्हणजे खरं तर भाजला जाऊन त्यातून वायू सुटतात. ते वायू दुसऱ्या खोलीत जातात आणि तिथे पूर्ण जळायचे असतात. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत या दुसऱ्या खोलीसाठी दोन आकडे आहेत: तापमान १०५० अंश सेल्सिअस, फार तर ५० अंश इकडे-तिकडे, आणि वायू तिथे किमान २ सेकंद राहिला पाहिजे. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या वायूत डायॉक्झिन आणि फ्युरान मिळून दर घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त नकोत.

०.१ नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक हजार कोटीवा भाग. इतक्या क्षुल्लक प्रमाणाची भीती का बाळगायची, असं साहेबांनीही विचारलं. १० जुलै १९७६ ला इटलीत मिलानच्या उत्तरेला एका रासायनिक कारखान्याची टाकी अतितापली आणि तिच्यातून निघालेला ढग सेवेसो गावावर पसरला. त्या ढगात टीसीडीडी नावाचा डायॉक्झिन होता. जनावरं मेली, मुलांच्या चेहऱ्यांवर पुरळ उठले, घरं रिकामी करावी लागली. तो अपघात होता, ज्वलनाशी त्याचा संबंध नव्हता. पण पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या ओटो हुट्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या साध्या नगरपालिकेच्या कचराभट्ट्यांच्या राखेत आणि धुरात डायॉक्झिन दाखवून दिले. तिथे कुठलाही अपघात झालेला नव्हता. भट्ट्या रोजच्यासारख्याच चालल्या होत्या. मला सेवेसोपेक्षा या दुसऱ्या शोधाची धास्ती जास्त वाटते.

आता साहेबांना नाही का म्हटलं ते. डायॉक्झिन आणि फ्युरान हे एक रसायन नाही, २१० रसायनांचं गोत आहे. त्यातली १७ विषारी म्हणून मोजतात, आणि प्रत्येकाचं विष टीसीडीडीच्या तुलनेत वजन लावून बेरीज करतात. मिथेनसारखा साधा वायू जळतो तेव्हा काय काय घडतं हे मांडायला ग्री-मेक ३.० नावाची जी प्रसिद्ध यादी वापरतात, तिच्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. हे नुसत्या मिथेनचं. इथे तर पिशवीत कापूस आहे, रबर आहे, मांस आहे, औषधं आहेत, आणि कुठल्या पिशवीत काय हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नाही. मॉडेलमध्ये मी खोलीचे वीस-बावीस लाख बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात वेग, तापमान, घटक यांची समीकरणं सोडवते. त्या प्रत्येक तुकड्यात शेकडो अभिक्रिया चालवायच्या, आणि शेवटी ग्रॅमच्या हजार कोटीव्या भागापर्यंतचं उत्तर द्यायचं? माझ्या गणितात तापमान वीस-तीस अंशांनी चुकू शकतं. त्या चुकीवर उभा केलेला नॅनोग्रॅमचा आकडा कागदावर खरा दिसेल, आणि म्हणूनच तो घातक आहे.

विष कुठे जन्मतं आणि कशामुळे वाचतं, हे मात्र मॉडेल सांगू शकतं. त्यासाठी आधी सरासरीवरचा विश्वास सोडावा लागतो.

एक उदाहरण देते, डायॉक्झिनचं नाही, नायट्रोजन ऑक्साइडचं, कारण ते हातानं करून बघता येतं. हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक ऑक्साइड कसा तयार होतो हे रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात मांडलं. त्यातली पहिली पायरी तापमानाबाबत फार हळवी आहे. समजा ज्योतीतल्या एका जागी अर्धा वेळ १६०० केल्विन तापमान आहे आणि अर्धा वेळ २०००. सरासरी १८००. त्या सरासरीला या पायरीचा वेग १ धरला, तर २००० ला तो आठपटीच्या वर जातो आणि १६०० ला ०.०७ वर येतो. दोन्हींची सरासरी सव्वाचार! म्हणजे ज्यानं सरासरी तापमान घालून हिशोब केला, त्याचं उत्तर चारपटीनं कमी आलं. ज्योत कधीच स्थिर नसते, ती फडफडतच असते, म्हणून आमच्या मॉडेलमध्ये निम्मी मेहनत या फडफडीचा हिशोब ठेवण्यात जाते. दुसऱ्या खोलीत याची उलटी बाजू दिसते. तिथे घातक जागा असते ती थंड. सगळी खोली १०५० ला आणि एक कोपरा ८०० ला असेल, तर त्या कोपऱ्यातून निसटलेला वायू उरलेल्या खोलीची मेहनत वाया घालवतो.

पहिला रन, म्हणजे मॉडेलचं एक पूर्ण गणित, मी स्थिर अवस्थेचा लावला. कचरा एकसारखा पडतोय, वायू एकसारखा सुटतोय असं धरून. रात्रभर मशीन चाललं. सकाळी चित्र उघडलं तर बर्नरच्या बाजूला लालभडक पट्टा आणि समोरच्या खालच्या कोपऱ्यात निळसर डाग, तिथे ८२० अंशांच्या आसपास. प्लांटच्या पॅनेलवर मात्र आकडा ठाम: १०६२. मला वाटलं माझंच चुकलं. मेश, म्हणजे त्या बारीक तुकड्यांची जाळी, तपासली, भिंतीतून जाणारी उष्णता तपासली, बर्नरच्या डिझेलचा हिशोब पुन्हा केला. दोन दिवस यात गेले. मग ड्रॉइंग घेऊन बसले आणि थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, कुठे बसवलाय ते शोधलं. बर्नरच्या ज्योतीपासून हातभरावर. तो ज्योतीचंच तापमान सांगत होता, खोलीचं नाही.

पुढच्या भेटीत लांब सिरॅमिक नळीतला दुसरा थर्मोकपल घेऊन गेले आणि समोरच्या बाजूच्या पीपहोलमधून आत सारला. तो स्थिरावायला वेळ लागतो. जाड हातमोजे घालून मी आणि ऑपरेटर मामा ती नळी धरून उभे. आकडा चढत चढत ८५५ ला थांबला. पुढे जाईना.

मामा म्हणाले, “ताई, हा कोपरा मला म्हाईत हाय. दर म्हैन्याला भट्टी गार करून आत उतरतो न्हवं, तवा समद्या भिंती पांढऱ्या-करड्या असत्यात आन् हितं काळं. बोटाला काजळी लागती.”

अठरा महिने ते ती काजळी खरवडत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. राखेतला असा कार्बन, क्लोरीन आणि तांब्याचा अंश एकत्र आले की वायू थंड होत असताना, साधारण ४५० ते २५० अंशांच्या टप्प्यात, राखेच्या कणांवर डायॉक्झिन नव्यानं घडू लागतात. दुसऱ्या खोलीत सगळं जाळून टाकलं तरी पुढे थंड होताना ते पुन्हा तयार होऊ शकतात. त्यांचं बियाणं त्या काळ्या कोपऱ्यात पडलेलं होतं.

आता दोन सेकंद. नियमातले दोन सेकंद बहुतेक ठिकाणी असे काढतात: खोलीचं घनफळ भागिले दर सेकंदाला जाणारा वायू. गणित बरोबर आहे, फक्त वायूचं आकारमान गरम धरायला हवं. २५ अंशांची हवा १०५० ला नेली की जवळजवळ साडेचारपट फुगते. या प्लांटच्या ड्रॉइंगमध्ये ते नीट धरलं होतं आणि उत्तर दोन सेकंदांच्या थोडं वर येत होतं. कागद चोख होता. पण हा भागाकार वायूची वाट सांगत नाही. मी मॉडेलमध्ये दोन खोल्यांच्या मधल्या तोंडाशी दहा हजार वजनहीन कण सोडले आणि प्रत्येक कण बाहेर पडायला किती वेळ घेतो ते मोजलं. सरासरी आली २.१ सेकंद. आणि जवळजवळ सहातला एक कण एका सेकंदाच्या आत बाहेर! आत शिरायचं तोंड आणि बाहेर पडायचं तोंड जवळपास समोरासमोर होतं, त्यामुळे वायूचा एक पट्टा सरळ पलीकडे निसटत होता. दुसरीकडे त्या काळ्या कोपऱ्यात काही कण सात-आठ सेकंद नुसते घुटमळत होते आणि सरासरी वर ओढत होते. एक घाईत निघून गेलेला आणि एक रेंगाळलेला, दोघांची बेरीज करून सगळे दोन सेकंद राहिले असं लिहिलं जात होतं.

हा आलेख साहेबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. फाईलला लावायच्या आकड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तिसरी गोष्ट मला कॉम्प्युटरसमोर बसून कधीच दिसली नसती. मी दोन दिवस भट्टीच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले, शेजारी हातातला गॅस ॲनालायझर. दर बारा मिनिटांनी दार उघडायचं आणि वीस किलोच्या पिशव्या एकदम आत. दार उघडलं की थंड हवा घुसायची, तापमान पडायचं. दार लावलं की अर्ध्या मिनिटात प्लास्टिक-रबर पेट घ्यायचं आणि वायूचा एवढा लोंढा सुटायचा की चिमणीतला ऑक्सिजन १२ टक्क्यांवरून ५ वर यायचा. त्या दीड मिनिटात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळण्याची खूण, आठशे पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत आठशे) उडी मारायचा. मग पुढची दहा मिनिटं सगळं शांत, आकडे देखणे. तासाभराची सरासरी काढली की ते दीड मिनिट कुठल्या कुठे विरघळून जायचं. “दार लावलं की ही धापा टाकतीया बघा,” असं मामा म्हणायचे. माझ्या स्थिर अवस्थेच्या रनमध्ये ही धाप नव्हतीच. मी सगळं मॉडेल पुन्हा मांडलं, या वेळी वेळेबरोबर बदलणारं: बारा मिनिटांचं एक चक्र, त्यात दार, थंड हवा, वायूचा लोंढा. एका चक्राला मशीनला साडेपाच दिवस लागले.

वीस किलो एकदम का टाकता, असं मामांना विचारलं. पिशव्या उचलणारी माणसं दोनच. एकदम टाकलं की मधल्या वेळात गाडी रिकामी करता येते, हात-पाय धुता येतात, चार घोट पाणी पिता येतं. यात त्यांची काही चूक नाही. माणसं वाढवून घ्या, हे मी साहेबांना रिपोर्टमध्ये लिहून दिलं आणि समोर बसूनही सांगितलं. एक माणूस वाढला. आता दर पाच मिनिटांनी आठ किलो जातात. तासाचा हिशोब जवळपास तोच, ९६ किलो. थोडं थोडं, पण सतत.

बाकीचे बदल मॉडेलवर तपासून केले. दुसऱ्या खोलीत हवेचे चार नोझल एका रांगेत सरळ आत फुंकत होते. ते तिरके करून दोन उंचींवर बसवले, म्हणजे वायू भिंतीला धरून गोल फिरेल आणि कोपऱ्यापर्यंत ढवळला जाईल. कोन ठरवायला अकरा रन लागले. ४५ अंशांना ज्योतच भिंतीवर आपटत होती, रिफ्रॅक्टरी, म्हणजे आतलं उष्णता सोसणारं विटांचं अस्तर, वितळली असती. मधोमध अर्ध्या उंचीची विटांची आडभिंत घातली, म्हणजे सरळ निसटणारा पट्टा अडेल. थर्मोकपल बाहेर पडायच्या तोंडाशी नेला. पॅनेलवरचा आकडा पहिल्या दिवशी ९७० दिसला आणि सगळे घाबरले. पण खोली थंड झालेली नव्हती. आकडा आत्ता खरा बोलू लागला होता. बर्नर वाढवून तो १०५० च्या वर आणला. डिझेल थोडं जास्त लागतं, आणि त्याबद्दल साहेबांनी आजवर तक्रार केलेली नाही.

नव्या मांडणीत कण पुन्हा सोडले. एका सेकंदाच्या आत निसटणारे पन्नासात एकही नाहीत. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइडची उडी आता शंभराच्या आतच थांबते. मामांच्या कोपऱ्यात पुढच्या सफाईला काजळी नव्हती. त्यांनी आत उतरून मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला, करड्या विटेवर त्यांचं बोट, आणि बोट स्वच्छ. तो फोटो मी माझ्या टेबलासमोर चिकटवला आहे.

डायॉक्झिनचा वर्षातून एकदा होणारा तपासही झाला. रिपोर्ट मर्यादेच्या आत आला. पण आदल्या वर्षीचाही आतच होता, काळा कोपरा आणि धापा टाकणारी भट्टी असताना. सॅम्पल काही तासांचं असतं, महागडं असतं, आणि त्या दिवशी भट्टी जपून चालवली जाते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतले ते काही तास. मला याचा खरंच त्रास होतो. डोंगराच्या त्या बाजूला वस्ती आहे, गोठे आहेत, आणि डायॉक्झिन चरबीत साठतात, म्हणजे गवतावर पडले की दुधापर्यंत पोचतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच मॉडेलच्या हातात नाही. सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या लाल पिशवीत टाकायच्या असतात, त्या जाळायच्या नाहीत, निर्जंतुक करून प्लास्टिक पुन्हा वापरात न्यायचं असतं. पण मी दारापाशी बसले त्या दोन दिवसांत पिवळ्या पिशव्यांतून नळ्या बाहेर आलेल्या मी स्वतः मोजल्या, दुसऱ्या दिवशी मोजणं सोडून दिलं. त्यातल्या कितीतरी पीव्हीसीच्या, आणि पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनच. वॉर्डात रात्रपाळीला असलेल्या सिस्टरनं किंवा मावशींनी ती नळी योग्य पिशवीत टाकली, तर माझ्या अकरा रनांपेक्षा ते मोठं काम आहे. प्लांटला कचरा पाठवणाऱ्या दोन दवाखान्यांत मी जाऊन तासभर बोलले. आलेख नेला नाही, मामांच्या बोटाचे फोटो नेले, आधीचा काळा आणि नंतरचा.

गेल्या महिन्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. “मॅडम, चिमणीकडे जाणारी एवढी उष्णता वाया जाते. मध्ये एक एक्सचेंजर बसवून बर्नरची हवा आधीच तापवली तर डिझेल वाचेल का?” वाचेल, नक्की वाचेल. पण आज गरम वायू सरळ पाण्याच्या फवाऱ्यात जाऊन क्षणात थंड होतो. एक्सचेंजर आला की तो त्याच ४५० ते २५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळेल, आणि ट्यूबांवर राख बसेल. मी त्यांना म्हटलं, वायू ५०० च्या खाली जायच्या आत एक्सचेंजर संपवता येतो का ते बघू, घाई करू नका. मेश तयार आहे. आज रात्री पहिला रन लावते आहे, आणि सोमवारी मामांना फोन करून विचारणार आहे की फवाऱ्याच्या आधीच्या पाइपात राख नेमकी कुठे साचते.